गलगंड कुणाच्या गळ्यात

मोनालिसाला थायरॉईड होता, ही बातमी कधीतरी तुमच्याही फोनवर येऊन गेली असेल. २०१८ साली 'मेयो क्लिनिक प्रोसीडिंग्ज' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात मनदीप मेहरा आणि हिलरी कॅम्पबेल यांनी तसा एक छोटा लेख लिहिला होता. मेहरा हे बॉस्टनमधले हृदयरोगतज्ज्ञ. त्यांचे मुद्दे असे: तिची त्वचा पिवळट दिसते, केस विरळ आणि कपाळावरून मागे सरकलेले आहेत, भुवया नाहीतच, बोटं सुजल्यासारखी आहेत आणि गळ्याशी किंचित फुगवटा आहे. म्हणजे हायपोथायरॉईडिझम. त्याच्या आधी, २००४ मध्ये, आणखी काही डॉक्टरांनी याच बाईला कोलेस्टेरॉलचा विकार चिकटवला होता.

मी रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी घेते आणि अर्धा तास चहाची वाट बघत बसते. त्यामुळे ही बातमी मी जरा आपुलकीनंच वाचली. केस गळणं, बोटांना अंगठी घट्ट होणं, सगळं ओळखीचं. पण पोटापाण्याला मी सॉफ्टवेअर लिहिते. समोरून नुसता एक स्क्रीनशॉट आला आणि त्यावरून बग कुठल्या ओळीत आहे ते सांगा म्हटलं, की आम्ही आधी लॉग मागतो. इथे तर स्क्रीनशॉट पाचशे वर्षं जुना आहे आणि त्यावर वार्निशचे थर चढलेत. जुनं वार्निश पिवळं पडतं, मग त्वचा पिवळी दिसणारच. भुवयांचं म्हणाल, तर पास्कल कॉट नावाच्या एका फ्रेंच इंजिनिअरनं आपल्या खास कॅमेऱ्यानं या चित्राचा अतिसूक्ष्म स्कॅन केला आणि २००७ मध्ये सांगितलं की भुवया मुळात काढलेल्या होत्या, काळाच्या ओघात त्या पुसल्या गेल्या. लिसा देल जोकोंदोचा जन्म १४७९चा, मृत्यू १५४२चा. गोळी नसलेल्या काळात ती त्रेसष्ट वर्षं जगली. तिला डिसेंबर १५०२ मध्ये मुलगा झाला आणि चित्र साधारण १५०३ मध्ये सुरू झालं. बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडू शकतो हा मेहरांचा मुद्दा वैद्यक म्हणून चूक नाही. फक्त तो चित्रात दिसतो असं म्हणणं, हे जरा जास्तच होतं.

याहून मजेशीर प्रकरण मायकेलअँजेलोचं आहे. सिस्टीन चॅपेलच्या छतावर 'प्रकाश आणि अंधार वेगळे करणारा देव' आहे. देवानं मान वर ताणलेली, आपल्याला खालून त्याचा गळा दिसतो, आणि तो गळा विचित्र खडबडीत आहे. २००३ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात लेख आला की हा गलगंड आहे. २०१० मध्ये दोन मेंदूतज्ज्ञ म्हणाले, नाही, हे मेंदूच्या देठाचं लपवलेलं चित्र आहे. म्हणजे गळा एकच, निदानं दोन आणि रुग्ण साक्षात देव. पहिल्यांनी थायरॉईड पाहिला, दुसऱ्यांनी मेंदू. प्रत्येकाला आपापली ओपीडी दिसली.

हे वाचून मी हसले, पण मुद्दा टाकून देण्यासारखा नाही. चित्रात आजार असतो, खरोखर असतो. आयोडीन कमी पडलं की थायरॉईड ग्रंथी, मराठीत अवटू ग्रंथी, हार्मोन बनवण्यासाठी जास्त झटते आणि झटता झटता मोठी होते. तोच गलगंड. डोंगराळ भागात पाऊस आणि बर्फ जमिनीतलं आयोडीन धुऊन नेतात. त्यामुळे आल्प्समध्ये आणि आपल्या हिमालयाच्या पायथ्याला पिढ्यान्‌पिढ्या गावंच्या गावं गळा सुजलेली होती. आयोडीन हे मूलद्रव्य सापडलं १८११ मध्ये. १८२० मध्ये जिनिव्हाच्या क्वांदे नावाच्या डॉक्टरानं ते गलगंडावर वापरलं, आणि १९२२ पासून स्वित्झर्लंडनं मिठात घालायला सुरुवात केली. त्याआधीच्या चित्रकारासाठी सुजलेला गळा हा बाजारात रोज दिसणारा प्रकार होता. त्यामुळे गळा सुजलेला आहे का, एवढंच विचारून भागत नाही. तो चित्रकारानं कुणाला दिलाय, हे विचारायला हवं.

त्याआधी एक अडचण सोडवावी लागेल: सुंदर गळा आणि आजारी गळा वेगळे कसे ओळखायचे? यासाठी मला इटलीला जायची गरज पडली नाही. आमच्या शिरूर अनंतपाळच्या शेजारी निलंग्याला नीळकंठेश्वराचं मंदिर आहे, बाराव्या-तेराव्या शतकातलं मानतात. तिकडे नांदेड जिल्ह्यात देगलूरजवळ होट्टलचं सिद्धेश्वर मंदिर आहे. दोन्हींच्या भिंतींवर सुरसुंदरी आहेत. लहानपणी आम्ही एसटीनं निलंग्याला जायचो तेव्हा त्या 'बाया' होत्या, इतकंच. आता जाते तेव्हा त्यांच्या गळ्यांकडे बघते. या परंपरेत गळा भरलेला, गोल असतो, आणि त्यावर आडव्या रेषा कोरायची रीत आहे. त्याला कंबुग्रीवा म्हणतात, शंखासारखी मान. शंखावर जशी वळी असतात तशा तीन रेषा. हे सौंदर्याचं, भाग्याचं लक्षण. बुद्धाच्या मूर्तीला त्या असतात, विष्णूला असतात, अप्सरेलाही असतात. एखाद्या उत्साही डॉक्टरानं या भिंतीसमोर उभं राहून निदान करायचं ठरवलं तर अख्ख्या मंदिराला रक्त तपासायला लातूरला पाठवावं लागेल.

युरोपातही हेच झालंय. प्रबोधनकाळातल्या कित्येक मॅडोनांचे गळे भरलेले आहेत, आणि त्यांच्यावरही वैद्यकीय लेख निघालेत. काही खरे असतीलही, कारण त्या चित्रकारांसमोर बसणाऱ्या बायका गलगंडाच्या मुलखातल्याच होत्या. पण भरलेला गळा ही तेव्हाची आवडही होती. उलट टोकाला मोदिल्यानी. त्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बायकांच्या माना बगळ्यासारख्या लांब रंगवल्या. आता गंमत बघा. काही बायकांची मान लांब आणि पुढे झुकलेली असते, त्यामुळे साधी, निरोगी थायरॉईडही उठून दिसते आणि गलगंडाचा भास होतो. याला वैद्यकात 'मोदिल्यानी सिंड्रोम' असं नाव पडलं. चित्रकारानं आदर्श म्हणून काढलेली मान, आणि दवाखान्यात ती खोट्या आजाराचं नाव झाली.

आमच्याकडच्या शिल्पकाराला गलगंड माहीत नव्हता असं मात्र नाही. सुश्रुतसंहितेत त्याचं वर्णन आहे, नावासकट. वात, कफ आणि मेद असे त्याचे तीन प्रकार सांगितलेत, आणि गळ्याशी लोंबणाऱ्या सुजेला दिलेली उपमा इतकी रोखठोक आहे की ती घरी मोठ्यांदा वाचता येणार नाही. म्हणजे शब्द होता, रोग होता, बघणारे डोळे होते. मग दगडात तो कुठे आहे?

गांधारात आहे. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या तिथल्या एका बौद्ध शिल्पपटात बुद्धावर चालून आलेली माराची सेना कोरली आहे आणि त्या राक्षसी सैन्यात एकाचा गळा सुजलेला आहे. गलगंडाच्या सर्वांत जुन्या चित्रणांमध्ये अभ्यासक त्याची गणना करतात. गांधार हिमालयाच्या कुशीतला मुलूख, शिल्पकारानं तो गळा आसपासच बघितला असणार. त्यानं बघितला आणि नेऊन ठेवला कुठे, तर शत्रूच्या फौजेत.

हाच प्रसंग आपल्याकडे अजिंठ्याला आहे. पहिल्या लेण्यात रंगात, सव्विसाव्या लेण्यात दगडात. सव्विसावं लेणं जरूर बघा. मधोमध बुद्ध स्थिर बसलेला, एका बाजूनं हत्तीवर बसून मार येतोय, खाली त्याच्या मुली नाचतायत. इथल्या राक्षसांची भयानकता चेहऱ्यांत आहे, शस्त्रांत आहे, अंगाच्या वेड्यावाकड्या हालचालीत आहे. दख्खनच्या शिल्पकारानं विद्रूपपणा कल्पनेतून आणला आणि गांधारच्या शिल्पकारानं शेजाऱ्याच्या गळ्यातून. कला म्हणून मला अजिंठ्याचं शिल्प कितीतरी मोठं वाटतं. पण गांधारच्या त्या एका गळ्यापाशी मी जास्त वेळ थांबते, कारण तो कुणाचा तरी खरा गळा होता.

आणि पुढे हजार-बाराशे वर्षं युरोपनं नेमकं हेच केलं. ऑस्ट्रियात ग्राझजवळ रॉयन नावाचा मठ आहे. तिथल्या भिक्षूंनी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला चित्रांच्या नमुन्यांची एक वही केली, ती आता व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात एक माणूस आहे, गळ्याशी मोठा गलगंड, हातात विदूषकाची काठी. आयोडीन फार कमी पडलं तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, हे आज आपल्याला कळतं. त्या भिक्षूनं फक्त गळा आणि मंदपणा एकत्र बघितला आणि त्याला मूर्खाची काठी दिली. वैद्यकाच्या इतिहासकारांना हे चित्र मौल्यवान वाटतं, कारण निरीक्षण अचूक आहे. मला ते बघवत नाही, त्याचंही कारण तेच.

इटलीच्या बाजूनं आल्प्समध्ये वरॅल्लो गावी साक्रो मोंते म्हणून एक डोंगर आहे. पंधराव्या शतकाच्या शेवटी तिथे काम सुरू झालं. ख्रिस्ताच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या छोट्या देवळांमध्ये माणसाएवढ्या रंगीत पुतळ्यांनी उभे केलेत. आपल्याकडे गणपतीत हलते देखावे असतात ना, त्यांची थोरली आवृत्ती समजा, फक्त पुतळे हलत नाहीत आणि कारागिरी थक्क करणारी आहे. त्यात ख्रिस्ताला छळणाऱ्यांमध्ये गलगंडाची माणसं आहेत. खोऱ्यातल्या ज्या शेतकऱ्यांचे गळे सुजलेले होते, तेच रविवारी डोंगर चढून दर्शनाला यायचे आणि आपलाच गळा देवाच्या मारेकऱ्याला लावलेला बघायचे. त्यांना काय वाटत असेल, याबद्दल कलेचा इतिहास काही लिहीत नाही.

कलेत आजार दाखवला म्हणजे करुणा दाखवली, असं आपण पटकन धरतो, म्हणून हे सगळं सांगतेय. बहुतेक वेळा आजार ही एक खूण असते: हा मूर्ख, हा पापी, हा खालचा. व्यंग दिसलं की खलनायक, ही सवय हिंदी-मराठी सिनेमानं शोधलेली नाही.

म्हणून काराव्हाज्जोचं एक चित्र मला सगळ्यांपेक्षा वेगळं वाटतं. 'संत अँड्र्यूला क्रूसावर चढवणं', साधारण १६०७चं, नेपल्समध्ये रंगवलेलं, आता अमेरिकेत क्लीव्हलंडच्या संग्रहालयात आहे. संग्रहालयाच्या वेबसाईटवर ते मोठं करून बघता येतं. मी ते प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, झूम करकरून पाहिलंय. गोष्ट अशी की अँड्र्यू क्रूसावर बांधलेला असतानाही लोकांना उपदेश करत राहिला, लोक चिडून त्याला सोडा म्हणू लागले, शेवटी रोमन अधिकाऱ्यानं त्याला उतरवायचा हुकूम दिला. पण अँड्र्यूला उतरायचं नव्हतं, आणि दोर सोडायला गेलेल्या माणसाचे हात लुळे पडले. चित्रात तोच क्षण आहे. वर म्हातारा संत, शिडीवर तो अडकलेला माणूस, खाली चिलखतातला अधिकारी आणि बघे. खाली डाव्या कोपऱ्यात एक म्हातारी. तिच्या गळ्याला भलामोठा गलगंड आहे, आणि उजेड बरोबर त्यावर पडलाय.

इथे तर्कवितर्काला जागाच नाही. वार्निश नाही, कंबुग्रीवा नाही, लपवलेला मेंदू नाही. काराव्हाज्जोनं रस्त्यावरच्या कुणा गरीब बाईला समोर उभं केलं असणार आणि जसं आहे तसं काढलं. पण त्यानं तिला छळणाऱ्यांत उभं केलं नाही, की विदूषकाची काठी दिली नाही. ती बघणारी आहे.

उन्हाळ्यात घरी गेले होते तेव्हा हे चित्र मी आईला फोनवर दाखवलं. आईलाही थायरॉईड आहे, माझ्या आधीपासून. गळा मोठा करून दाखवला. आई म्हणाली, "गळ्याचं राहू दे गं. ही वर कुणाकडं बघायली?" मग मी चित्र लहान केलं, क्रूस दाखवला. "त्याची कुणी लागती का ही?" कुणी नाही, म्हटलं. आई थोडा वेळ बघत राहिली. "मग कशी बघायली बघ, घरचं कुणी गेल्यासारखी."

मी वाचलेल्या वैद्यकीय लेखांमध्ये या म्हातारीच्या गाठीची चर्चा आहे. तिची नजर कुठे आहे हे आईनं पहिल्या मिनिटात पकडलं. आणि चित्राची रचनाही तेच सांगते: म्हातारीचा चेहरा वर उचललेला आहे, म्हणून गळा ताणला गेलाय, म्हणून गाठ उजेडात आली आहे. गाठ दाखवायची म्हणून मान वर केलेली नाही. मान वर आहे कारण ती बघतेय. काराव्हाज्जोनं गलगंड झाकला नाही, आणि त्याचं प्रदर्शनही मांडलं नाही.

आता आजकडे येऊ. भारतात राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. कांगडा खोऱ्यात रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुक्त मीठ देऊन गलगंड घटतो हे दाखवून दिलं, आणि पुढे ते मीठ देशभर आलं. मीठ घरोघर पोचल्यावर मोठे, लोंबणारे गळे कमी झाले. पण थायरॉईडचा आजार गेला नाही, त्यानं रूप बदललं. आज माझ्यासारख्या बहुतेकींचा आजार हा शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर उलटण्याचा आहे. गळ्याला काही दिसत नाही. दिसतो तो लॅबचा कागद: टीएसएच, पुढे आकडा, ठळक अक्षरात.

चित्रकारासाठी हा अवघड विषय आहे. थकवा कसा रंगवणार? दुपारी चार वाजता डोळ्यांवर येणारी झापड, उन्हाळ्यातही अंगावर घेतलेली चादर? मग दृश्यकलेत उरतं ते फक्त वजन, आणि वजनाचं काय होतं ते आपल्या कॉमेडी शोमध्ये रोज रात्री दिसतं. आईला रिपोर्ट येण्याआधीची काही वर्षं ती आमच्या नातेवाइकांत 'अंगानं सुटलेली आणि कामाला जड' होती. एका डॉक्टरनं वय झालं, चालत जा, म्हणून परत पाठवलं होतं. तिचं वय तेव्हा एकेचाळीस. रॉयनच्या भिक्षूनं काठी दिली होती, इथे नुसतं विशेषण दिलं, एवढाच फरक.

आणि आपल्या काळातलं खरं पोर्ट्रेट कोणतं म्हणाल, तर बायोडाटातला फोटो. हसू नका. मोनालिसाही एका रेशीम व्यापाऱ्याच्या घरची बायकोच होती, तिचं चित्रही बहुधा घरच्यांनी सांगूनच काढलं गेलं. गेल्या वर्षी माझा फोटो काढायला लातूरला एका स्टुडिओत गेलो. फोटोग्राफर चांगला माणूस होता. स्क्रीनवर फोटो उघडून म्हणाला, "डबल चिन घालवू का, ताई?" मी काही बोलायच्या आत मावशी हो म्हणाली. त्यानं माऊस फिरवला, हनुवटीखालचं मांस गेलं, गळा लांब आणि सपाट झाला. मग त्यानं गळ्यावरच्या दोन आडव्या रेषाही पुसल्या. त्या मला जन्मापासून आहेत, आईलाही आहेत. निलंग्याच्या भिंतीवर कुणीतरी ज्या छिन्नीनं मुद्दाम घातल्या होत्या, त्या यानं सुरकुत्या म्हणून तीन सेकंदांत काढून टाकल्या. मोदिल्यानी दिसायला लागले मी.

परतताना गाडीत वाद झाला तो फोटोवरून नाही, गोळीवरून. गोळी चालू आहे हे स्थळाला आधीच सांगायचं का? मावशीचं म्हणणं, "आत्ताच कशाला? एवढीशी गोळी तर हाय." एवढीशी आहे तर सांगायला काय हरकत, असं माझं म्हणणं. दोघींचाही मुद्दा तोच होता, हे बार्शी रोडला लागेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही.

मला तेव्हा मायकेलअँजेलोची आठवण झाली. देवाच्या गळ्यावर दोन-दोन निदानं करणाऱ्या लेखांपेक्षा त्याचा स्वतःचा एक कागद जास्त मोलाचा आहे. सिस्टीनचं छत रंगवण्याच्या काळात, १५१०च्या आसपास, त्यानं जोव्हानी दा पिस्तोया नावाच्या मित्राला एक विनोदी सुनीत लिहून पाठवलं. त्यात तो म्हणतो की मान वर करून काम करता करता मला गलगंड झालाय, लोम्बार्दीच्या पाण्यानं मांजरांना होतो तसा. पुढे पाठ, पोट, टपकणारा रंग, सगळ्या शरीराची तक्रार आहे. त्याला खरा गलगंड होता असं मी मानत नाही, ती थट्टाच आहे. पण इथे निदान करणारा दुसरा कुणी नाही. ज्याचा गळा आहे तोच बोलतोय, आणि त्याला दयाही नको आहे, शंखाची उपमाही नको. त्या हस्तलिखिताच्या समासात त्यानं एक छोटं रेखाचित्र काढलंय: एक माणूस उभा, मान मागे टाकलेली, हात वर ताणलेला, ब्रश छताला टेकलेला.

बायोडाटात 'वर्ण' आणि 'उंची' याच्यानंतर आरोग्याचा रकाना नसतो. मी एक ओळ वाढवली: थायरॉईड आहे, गोळी चालू आहे. फाईल आईला पाठवली. तिनं ओळीबद्दल काही म्हटलं नाही. 'फोटो दुसरा लाव, यात तू दिसंनास,' एवढंच लिहिलं.